फिनलंडचे ऋणमुक्तीचे वर्ष

युरोपच्या उत्तर टोकाला अरण्ये आणि सरोवरे यांनी भरलेला फिनलंड देश आहे. १९५२ साली त्याची लोकसंख्या जेमतेम चाळीस लाख होती. त्याच वर्षी या देशाने एक मोठे ऋण फेडले आणि एक जुना मान मिळविला.

हा मान होता ऑलिंपिक सामन्यांचा. १९४० चे सामने राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाचे होते व त्यासाठी क्रीडांगण १९३८ सालीच बांधून तयार होते. परंतु ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट रशियाने आक्रमण केले आणि खेळाडूंऐवजी बाँब आले. पुढे दुसऱ्यांदा युद्ध होऊन १९४४ साली तह झाला, तेव्हा फिनलंडला कारेलिया प्रांताचा मोठा भाग गमवावा लागला. चार लाखांवर माणसे घरेदारे सोडून आली. त्या सर्वांना उरलेल्या देशाने सामावून घेतले. हेलसिंकीजवळचा पोर्कला भाग रशियाने आरमारी तळासाठी घेतला. तेथून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडक्या झडपांनी बंद करीत; आपल्याच देशातून जाताना उतारूंना बाहेर पाहण्याची मनाई होती!

याशिवाय तीस कोटी डॉलर किमतीचा युद्धदंड द्यावयाचा होता, आणि तोही रोख नव्हे, तर मालाच्या रूपाने. लाकूड व कागद यांवर जगणाऱ्या देशाला जहाजे, आगगाडीची इंजिने, यंत्रे आणि विजेच्या तारा पुरवावयाच्या होत्या. त्यांतील पुष्कळ वस्तू करण्याचे कारखानेही पुरेसे नव्हते. ते उभारावे लागले, कारागीर शिकवावे लागले. १९४८ साली उरलेल्या दंडात निम्मी सूट मिळाली. तरी भार हलका नव्हताच.

अशा स्थितीत १९ जुलै १९५२ रोजी, भर पावसात, सामन्यांचे उद्घाटन झाले. मशाल घेऊन कोण येणार, हे गुप्त ठेवले होते. पंचावन्न वर्षांचा पाव्हो नुर्मी धावत आत आला, तेव्हा प्रेक्षकांनी जल्लोष केला व संचलनातील खेळाडू रांगा मोडून त्याला पाहावयास धावले. पूर्वी नऊ सुवर्णपदके जिंकलेल्या याच वीराला, खेळासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून, १९३२ च्या सामन्यांतून वगळण्यात आले होते. मनोऱ्यावरील ज्योत मात्र त्याच्याही आधीचा धावपटू हानेस कोलेहमाइनेन याने चेतविली. या सामन्यांत सोव्हिएट खेळाडू प्रथमच उतरले होते. कालच्या शत्रूचे खेळाडू आज फिनलंडचे पाहुणे होते. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने तीन दीर्घ शर्यती जिंकल्या, आणि कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कलेच्या क्षेत्रातही ते वर्ष कोरडे गेले नाही. आल्व्हार आल्टो या शिल्पज्ञाने सायनात्सालो गावी उभारलेले तांबड्या विटांचे नगरगृह पूर्ण झाले. एरिक ब्लोमबर्ग यांचा ‘पांढरे रेनडियर’ हा चित्रपटही त्याच वर्षी प्रकट झाला.

सामने संपले, पाहुणे परतले. राष्ट्राध्यक्ष पासिकिव्ही आणि मुख्य प्रधान केक्कोनेन यांच्यापुढे दंडाचा शेवटचा हप्ता उरला होता. १८ सप्टेंबर १९५२ रोजी युद्धदंडाच्या मालाची अखेरची गाडी वाइनिक्कला स्थानकातून सरहद्दीपलीकडे गेली. पोर्कला परत मिळण्यास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. दंडासाठी उभारलेले कारखाने तसेच चालू राहिले आणि त्यांची जहाजे व यंत्रे आता रशियाच पैसे मोजून विकत घेऊ लागला.