मोठे जहाज का हरले?

बजाजनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण ज्या औरंगजेब बादशहाची कबर जवळच खुलताबादेत आहे, त्याचे एक प्रचंड जहाज चाच्यांनी भर समुद्रात लुटले होते. ते कसे लुटले गेले, हे आज पाहू या.

जहाजाचे नाव गंज-इ-सवाई. सन १६९५ च्या सप्टेंबरात हजचे यात्रेकरू आणि मोठा खजिना घेऊन ते सुरतेकडे परतत होते. त्यावर साठांहून अधिक तोफा आणि शेकडो बंदूकधारी होते. त्याला गाठले हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याच्या ‘फॅन्सी’ जहाजाने. फॅन्सीवर तोफा होत्या सुमारे ४६. मग मोठे जहाज हरले कसे?

पहिले कारण वेग. एव्हरीने फॅन्सीच्या वरच्या मजल्यांचे लाकूड कापून टाकले होते. त्यामुळे वजन घटले, वाऱ्याचा अडथळा कमी झाला आणि गुरुत्वमध्य खाली आला. असे जहाज फारसे न कलंडता जास्त शिडे पेलते.

दुसरे कारण तोफ. गंज-इ-सवाईवरची एक तोफ डागतानाच फुटली आणि जवळची माणसे ठार झाली. दारू पेटली की वायूचा दाब क्षणात वाढतो. तोफेच्या धातूत कोठे तडा किंवा पोकळी असेल, तर तो दाब गोळ्याला ढकलण्याऐवजी तोफच फोडतो.

तिसरे कारण डोलकाठी. शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी जायबंदी झाली. शिडाच्या जहाजाचे इंजिन म्हणजे वारा, आणि तो पकडणारी शिडे डोलकाठीवरच असतात. शिवाय तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींना असत. नेम धरायचा तर सारे जहाजच वळवावे लागे. जे वळू शकत नाही, त्याच्या पुष्कळशा तोफा निकामीच!

पुढे चाचे जहाजावर चढले. अनेक लोक मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. बादशहाने संतापून सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले. सन १६९६ मध्ये लंडनमध्ये एव्हरीच्या पाच साथीदारांना फाशी झाली. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

हेच शास्त्र कोकणात सरखेल कान्होजी आंग्रे यांनी वापरले. इंग्रज त्यांना चाचे म्हणत, पण ते मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागीच अडकत. आंग्र्यांची गलबते मात्र वल्ह्यांवर चालत आणि गुराबांनाही ओढून नेत. मग शत्रूच्या मागच्या बाजूने, जेथे तोफा थोड्या, तेथून मारा होई.

करून पाहा : थर्माकोलच्या तुकड्यात काडी रोवून तिला कागदाचे शीड लावा. ही होडी परातीतल्या पाण्यात सोडून मागून हलकी फुंकर मारा. ती सरळ जाईल. आता काडी वाकवून शीड एका बाजूला पाण्यात बुडवा आणि होडी बोटाने पुढे ढकला. ती कोणत्या बाजूला वळते? का वळते? विचार करा.