मोबाईलवरील बातमी व तिची पारख

इ. स. २०२० च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांवर मोठे संकट कोसळले. कोंबड्यांना रोग झालेला नव्हता. कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो, असा मजकूर मोबाईलवरून घरोघर पोहोचला आणि अनेक ग्राहकांनी मांस घेणे बंद केले. मांसल पक्षी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस तयार होतो. त्यानंतर तो खाद्य खातच राहतो, परंतु त्या मानाने त्याचे वजन वाढत नाही. त्यामुळे अफवा ओसरेपर्यंत थांबणे पालकांस परवडणारे नव्हते. कित्येकांनी उत्पादनखर्चाहून कमी भावाने पक्षी विकले. कोंबड्यांमुळे हा रोग पसरत नाही, असा खुलासा केंद्र शासनाने फेब्रुवारीतच केला होता. परंतु खुलासा मागे राहिला व अफवा पुढे गेली.

निवड कोण करते?

वृत्तपत्रात काय छापावे हे संपादक ठरवितो व त्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. फेसबुक, यूट्यूब यांसारख्या माध्यमांत कोणापुढे काय मांडावे हे बहुतांशी संगणकाची गणिती पद्धती ठरविते. तिला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. माणसाने काय किती वेळ पाहिले, कशावर मत लिहिले, काय पुढे पाठविले, याची ती नोंद ठेवते आणि ज्यावर तो अधिक रेंगाळेल ते त्याच्यापुढे आणते. तो जितका रेंगाळेल तितक्या जाहिराती त्याला दिसतात व कंपनीचे उत्पन्न वाढते. मजकूर खरा आहे काय, हा या हिशेबातील मुख्य प्रश्न नव्हे. भय व संताप उत्पन्न करणाऱ्या मजकुरापाशी माणूस थांबतो, म्हणून तसाच मजकूर वर येतो. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या खुणेस पसंतीच्या खुणेच्या पाचपट महत्त्व दिले होते.

शेतीच्या सल्ल्याबाबतही हेच घडते. एखाद्या ‘रामबाण’ फवारणीची चित्रफीत पाहिली की तशाच आणखी दहा पुढे येतात आणि सर्वांचे तेच मत असल्याचा भास होतो.

माणसाचा वाटा

सारा दोष यंत्राचा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली. १,५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. हा फरक मुख्यतः माणसांच्याच वागण्यामुळे पडला. कारण नवलाची गोष्ट दुसऱ्यास सांगण्याची हौस मोठी असते. व्हॉट्सॲपवर तर मजकूर आप्तेष्टांकडून येतो, आणि पाठविणाऱ्यावरील विश्वास मजकुरालाही लाभतो.

काय करावे?

१. मजकूर वाचून भय वा राग वाटल्यास तो त्वरित पुढे पाठवू नये.

२. तो कोणी, कोठे व केव्हा प्रसिद्ध केला ते पाहावे. जुनी चित्रफीत नव्या नावाने फिरविली जाते.

३. व्हॉट्सॲपवरील दुहेरी बाणाची खूण म्हणजे मजकूर अनेक हातांतून आल्याची निशाणी होय. ती सत्याची खूण नव्हे.

४. जनावरांच्या रोगाबाबत पशुवैद्यकीय दवाखान्यात व औषधफवारणीबाबत कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करावी.

५. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खुलासा करताना खरी गोष्ट प्रथम सांगावी; अफवेचा वारंवार उच्चार करू नये. ज्या गटात अफवा आली त्याच गटात, तसेच ग्रामसभेत व आठवडी बाजारात, खुलासा विनाविलंब द्यावा.

शहाणा शेतकरी घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासतो. बातमी पुढे पाठविण्यापूर्वीही तिची अशीच परीक्षा व्हावी. शेजाऱ्याचा हंगाम तीवर अवलंबून असू शकतो.