संकल्प आणि नित्य अभ्यास

तीर्थक्षेत्री आलेला प्रत्येक भाविक देवापुढे हात जोडताना मनोमन काही संकल्प करीत असतो. यापुढे क्रोध आवरीन, व्यसन सोडीन, यथाशक्ति दानधर्म करीन, हा त्याचा निश्चय त्या क्षणी अगदी खरा असतो. परंतु घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत तो मावळतो. भावनेत उणीव नसते. तिला रोजच्या कृतीची जोड मिळालेली नसते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्यास अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. येथे अभ्यास म्हणजे केवळ ग्रंथवाचन नव्हे, तर एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करणे होय.

या अभ्यासाचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे संत गाडगे महाराज. इ. स. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी बालपणी मामांच्या घरी गुरे राखीत व शेतात राबत. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती मातीचे गाडगे व खराटा एवढाच त्यांचा संसार. कोणत्याही गावी पोहोचताच ते प्रथम रस्ते झाडू लागत. दिवसा ग्रामस्वच्छता व रात्री कीर्तन, हा त्यांचा नित्यक्रम होता. कीर्तनातून ते व्यसन, ऋण काढून केलेले सण, पशुबळी व अस्पृश्यता यांविषयी लोकांना सावध करीत. सकाळी ज्यांना झाडताना पाहिले, त्यांचेच शब्द लोक रात्री ऐकत. म्हणून ते अंतःकरणास भिडत. लोकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, देहू व आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; महाराजांनी मात्र स्वतःसाठी भाजीभाकरीपलीकडे काही घेतले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. गृहत्यागापासून सुमारे ५१ वर्षे हे व्रत अखंड चालले. संत झाल्यावर त्यांनी खराटा हाती घेतला नाही. तो रोज हाती घेतल्यानेच डेबूजींचे गाडगेबाबा झाले.

सामान्य प्रापंचिकासही हा मार्ग मोकळा आहे. मात्र नेम लहान असावा, कामाच्या गर्दीतही सहज घडेल असा. आणि तो रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडलेला असावा. ज्यास दानशूर व्हावयाचे आहे, त्याने स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य गरजूंसाठी बाजूस काढावे. ज्यास क्रोध जिंकावयाचा आहे, त्याने उत्तर देण्यापूर्वी घोटभर पाणी प्यावे. एखादे दिवशी नेम चुकला तरी खंत करीत बसू नये. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू करावा.

आरंभासाठी मुहूर्ताची आवश्यकता नाही. महाप्रसादानंतर आपले ताट आपण उचलावे, भक्तनिवासातील खोली सोडण्यापूर्वी ती झाडून घ्यावी, आणि हाच नेम घरीही चालू ठेवावा. यात्रेचे फळ अशा रीतीने घरोघरी पोहोचते.