शटर ओढण्याआधीची कामे

लोणी काळभोरसारख्या गावात ब्युटी पार्लर बहुधा घरातल्या पुढच्या खोलीत सुरू होते. बेसिकचा कोर्स, एक मोठा आरसा, वॅक्स हीटर आणि शेजारणींच्या भुवया. पुढे राजबागेतल्या एमआयटी एडीटी विद्यापीठाच्या मुली येऊ लागतात, कदमवाकवस्तीतून बायका येतात, एखाद्या लग्नातला मेकअप चार जणींच्या नजरेत भरतो आणि सोलापूर रस्त्याला गाळा घ्यायचे मनात येते. गाळा आला की डिपॉझिट आले, भाडे आले, हायड्रॉलिक खुर्ची आणि फेशियल बेड आला, त्यासाठी मुद्राचे कर्ज आले. मुलांचे डबे आणि सासूबाईंचे औषधपाणी होते तसेच राहते. पहाटे चारला मंगल कार्यालयात नवरी तयार करायची, अकराला गाळा उघडायचा, रात्री जेवणे उरकल्यावर हिशेबाला बसायचे. पहिल्याच लगीनसराईत खांदे आणि मनगटे बोलू लागतात.

अशा वेळी घरातून दोनच सल्ले मिळतात: ‘कर बंद’ किंवा ‘आता सुरू केलंयस तर रेट’. ठरावीक मुदतीसाठी, हिशेब मिटवून धंदा थांबवणे हा तिसरा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही.

थांबल्यावर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रातल्या पार्लरवाल्यांना सक्तीने मिळाला आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, ती थेट 28 जूनला सैल झाली. तेव्हाही केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एवढ्यालाच परवानगी होती, तीही आधी वेळ ठरवून. फेशियलसारख्या त्वचेच्या कामांना मनाई होती. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला ‘ब्रेक द चेन’च्या आदेशाने पुन्हा शटर खाली आले, ऐन लगीनसराईत. घरच्या खोलीत काम करणारी तग धरून राहिली. गाळा आणि हप्ते अंगावर असणारीची दमछाक झाली, कारण गिऱ्हाईक थांबले तरी भाडे थांबले नव्हते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याजाची आकारणी चालूच होती. सवलत संपल्यावर अनेकींना कळले की कर्जाची मुदत लांबली आहे.

आपणहून थांबणारीला तर तेवढीही सवलत नसते. म्हणून शटर ओढण्याआधी, बंद असतानाही काय काय चालू राहणार आहे, याची यादी वहीत उतरवावी. भाडे आणि कर्जाचा हप्ता चटकन आठवतो. व्यापारी वीजजोडणीचा स्थिर आकार युनिट शून्य असले तरी लागतो, पैसे आल्याचे सांगणाऱ्या साउंडबॉक्सचे भाडे खात्यातून परस्पर कापले जाते, आणि कामाला ठेवलेल्या मुलीचा पगार हा तर सगळ्यात नाजूक प्रश्न. या यादीची महिन्याची बेरीज गुणिले बंद ठेवायचे महिने, एवढी रक्कम हाताशी असेल तर थांबणे परवडते. नसेल तर आधी बेरीज कमी करायला हवी. भाडेकरारातला लॉक-इन आणि नोटिशीचा कालावधी वाचून मालकाशी बोलावे. काही महिने दुसऱ्या पार्लरवालीला जागा वापरायला द्यायची असेल, तर मालकाची लेखी संमती घ्यावी. बँकेत हप्ता चुकण्याआधी जावे. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खाते बुडीत गटात जाते आणि त्याची नोंद पुढच्या कर्जाला आडवी येते.

सगळेच बंद करायची गरज असते असेही नाही. 2014 साली सुरू झालेल्या ‘ग्लॉसिये’ या अमेरिकी सौंदर्यप्रसाधन कंपनीने मार्च 2019 मध्ये ‘ग्लॉसिये प्ले’ हा भडक रंगांचा नवा ब्रँड आणला, तो जमत नाही असे दिसताच 2020 च्या सुरुवातीला गुंडाळला आणि मूळ माल विकणे चालू ठेवले. लोणीतल्या पार्लरलाही हे करता येते. अंग मोडते ते बहुतेक ब्रायडलच्या ऑर्डरींनी, तर रोजचा चहापाण्याचा खर्च निघतो थ्रेडिंग-वॅक्सिंगवर. ब्रायडल थांबवून दुपारचे तीन तास घरच्या खोलीत भुवया करणे हीदेखील विश्रांतीच आहे, शिवाय गिऱ्हाईक तुटत नाही.

कधी थांबायचे, याचे उत्तर पंचांगात सापडते. तुकोबांची पालखी पुणे सोडून लोणी काळभोर-कदमवाकवस्ती परिसरात मुक्कामाला येते, तेव्हा लगीनसराई ओसरत आलेली असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात. गौरी-गणपती आणि नवरात्रात पार्लर पुन्हा भरते, म्हणून आषाढी ते गौरी हा काळ थांबायला सर्वांत कमी तोट्याचा. अधिक महिन्यातही लग्ने होत नाहीत. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे एरवी ऐन सराईचे दिवस. त्याच सुमारास कॉलेजच्या मुलीही सुट्टीला गावी गेलेल्या असतात.

आता गिऱ्हाइकांचे. पार्लरचे नाव खराब होते ते बंद ठेवल्याने नव्हे, न सांगता बंद ठेवल्याने. ‘अमी कोले’ हा अमेरिकेतला सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड 2021 मध्ये सुरू झाला, मोठ्या दुकानसाखळीत पोहोचला आणि त्या पसाऱ्याला लागणारे भांडवल झेपेना म्हणून 2025 मध्ये थांबला. पण संस्थापिकेने जुलैमध्येच जाहीर लेख लिहून, सप्टेंबरात बंद करत असल्याचे कारणांसह सांगितले. गावात त्यासाठी व्हॉट्सॲपचा एक निरोप पुरतो: कोणत्या तारखेपासून बंद, कोणत्या तारखेला पुन्हा सुरू, तोवर कोणाकडे जावे. ज्यांनी सहा सिटिंगचे पॅकेज घेतले आहे, त्यांची उरलेली सिटिंग आधी उरकावीत किंवा पैसे परत करावेत. नवरीचा ॲडव्हान्स तर एक दिवसही अडकवून ठेवू नये. ती तारीख दुसऱ्या मेकअप आर्टिस्टकडे सोपवायची तर नवरीला विचारून आणि दर लेखी ठरवूनच.

मालाचे वेगळे गणित असते. न उघडलेले फेशियल किट डीलर परत घेतो का, हे बंद करण्याआधी विचारावे, नंतर तो हात वर करतो. उघडलेल्या डेव्हलपरचा जोर उतरत जातो. मस्कारा उघडल्यापासून तीनेक महिन्यांत टाकून द्यायचा असतो. तारीख गेलेली वस्तू ‘वाया कशाला घालवा’ म्हणून पुढच्या हंगामात कोणाच्या चेहऱ्याला लावू नये.

कागदपत्रांत बायका फसतात ती जीएसटीत. सेवा व्यवसायाला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, तरी कोणाच्या सांगण्यावरून ती केलेली असते. नोंदणी आहे तोवर एक रुपयाची कमाई नसली तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते, नाहीतर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क चढते. काम बराच काळ थांबणार असेल आणि उलाढाल कमी असेल, तर नोंदणी रीतसर रद्द करून घेतलेली बरी. मोजकीच माणसे असलेल्या छोट्या दुकानाने शॉप ॲक्टखाली फक्त माहिती कळवलेली असते. काही महिने शटर खाली असले तरी ती नोंद राहू द्यावी.

हातांना या काळात खरोखर सुट्टी हवी. तासन्‌तास उभे राहून पायाच्या शिरा फुगतात, थ्रेडिंगने मान आखडते, केसांच्या रंगातल्या पीपीडी या रसायनाने बोटांची त्वचा फाटते. त्वचारोगतज्ज्ञाला आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचे राहून गेलेले असते, ते आता उरकावे.

ठरलेली तारीख जवळ आली की दोन गोष्टी तपासाव्यात. एक, ज्या कारणाने थांबलो ते कमी झाले का: मदतीला माणूस मिळाला का, मुलांची वेळ बसली का, दुखणे आवरले का. दोन, निरोप पाठवल्यावर किती जणी वेळ मागतात. दोन्हींची उत्तरे बरी आली तर पहिला महिना फक्त वेळ घेऊन येणाऱ्यांचे काम घ्यावे आणि ब्रायडलच्या ऑर्डरी किती घ्यायच्या ते आधीच ठरवावे. उत्तरे बरी नसतील तर तारीख एकदाच पुढे न्यावी. तेव्हाही जमले नाही, तर खुर्ची आणि बेड चालू स्थितीत असतानाच विकावा, गाळ्याचे डिपॉझिट सोडवून त्यातून कर्जाची रक्कम उतरवावी, आणि दुकान कायमचे बंद केल्याचे 30 दिवसांच्या आत शॉप ॲक्टच्या कार्यालयाला कळवावे.