हृदयविकार : धोका कशाने वाढतो आणि ऑपरेशननंतर सावरायचे कसे

आरोग्य पानावर या वेळी हृदयाचा धडा घेत आहोत. वाई आणि आसपासच्या वस्त्यांत आता असे घर क्वचितच सापडेल, जिथे कुणाला 'अटॅक' आला नाही, कुणाची अँजिओप्लास्टी झाली नाही किंवा कुणाच्या छातीवर बायपासचा व्रण नाही. पूर्वी हा श्रीमंतांचा आजार समजला जाई. आता तो गवंडीकाम करणाऱ्याला होतो, पाचगणीच्या हॉटेलात राबणाऱ्याला होतो आणि दिवसभर भांगलण करणाऱ्या बाईलाही होतो. जगभरच्या ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासातून दिसले, की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५९ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे घरचा कमावता माणूस पाच-सहा वर्षे आधी पडतो.

त्याच अभ्यासाने एक दिलासाही दिला. झटक्याचा दहातला नऊ हिस्सा धोका अवघ्या नऊ कारणांत सापडतो, आणि त्यातली बहुतेक कारणे आपल्या हातातली आहेत. हृदयविकार नशिबाने येतो, हे म्हणणे म्हणूनच खरे नाही.

हृदयात बिघडते काय?

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. तो सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते तीन मुख्य रक्तवाहिन्यांतून येते. या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. नळाच्या पाइपात क्षार साचून धार बारीक व्हावी, तसा रस्ता अरुंद होतो. मग चढ चढताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रस्ता बंद होतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. त्या क्षणापासून हृदयाचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही, म्हणून वेळेला किंमत आहे.

धोका वाढवणारी कारणे

तंबाखू. विडी-सिगारेट घातक हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या साताऱ्या-सांगलीकडे घराघरांत मशेरी आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी आया-बहिणी सकाळ-संध्याकाळ दाताला लावतात. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते, नाडी वाढवते आणि रक्तदाब चढवते. 'मी कुठं व्यसन करते, नुसती मशेरी लावते,' असे म्हणणाऱ्या माउलीला हे समजावून सांगावे लागेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. पाचवे शील घेताना आपण दारूपुरता विचार करतो. मनाचा आणि शरीराचा ताबा घेणाऱ्या तंबाखूचाही त्यात विचार व्हावा. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात झटक्याचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. सोडायला उशीर कधीच झालेला नसतो.

रक्तदाब. १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार भरला, तर तो वाढलेला समजावा. तो दुखत नाही, म्हणूनच फसवतो. डोके दुखले तरच गोळी घेणे हा आपल्याकडचा सर्रास चालणारा घोटाळा आहे. गोळी रोजची असते.

मधुमेह. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, तर तो मधुमेह. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. याच जिल्ह्यात, साताऱ्यात त्यांनी १९०० साली शाळेत पाऊल ठेवले. पुढे शरीर साथ देत नसतानाही ते काम करत राहिले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी आपल्यातून गेले. त्या काळी आजच्यासारखी औषधे आणि तपासण्या नव्हत्या. आज त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या न घेणे आपल्याला परवडणारे नाही.

कोलेस्टेरॉल, पोट आणि बैठेपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, की सावध व्हावे. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना धोक्याचाच आहे.

मीठ आणि तेल. दिवसाला माणशी एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ पुरे. त्यात लोणचे, पापड, खर्डा, सुकट, बोंबील आणि फरसाण यांतले मीठही धरायचे. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटरपेक्षा जास्त नको. एकदा तळलेले तेल पुन:पुन्हा तापवू नये. वडापाव-भजीच्या गाड्यावर तेच होते.

ताण आणि दारू. हप्ता, बेकारी, घरातली भांडणे, जातीवरून होणारा अपमान यांचा भार हृदयावर पडतो. दारूने तो हलका होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

वय आणि घराण्यातला इतिहास बदलता येत नाही. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर बाकीच्यांनी तिशीपासूनच तपासणी करावी.

एक वेगळा हृदयरोग : झडपांचा

दाटीवाटीच्या वस्तीत मुलांचा घसा वारंवार सुजतो. काहींना त्यानंतर ताप येतो आणि एकामागून एक सांधे सुजतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. तो हृदयाच्या झडपा खराब करतो आणि ऐन विशी-तिशीत झडप बदलायची वेळ येते. अशा मुलांना डॉक्टर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे देतात. मूल बरे दिसते म्हणून ते बंद करू नका. एखाद्या गरोदर बाईला थोडे चालले तरी दम लागत असेल, तर 'पोटुशी आहे, लागणारच' म्हणून सोडून देऊ नका.

झटका ओळखा, पित्त म्हणून झोपू नका

छातीच्या मध्यभागी दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे. दरदरून घाम, उलटी, दम. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम, थकवा, मळमळ किंवा पाठदुखी असू शकते. 'गॅस झालाय' म्हणून ओवा-सोडा घेऊन रात्र काढणे यात अनेक जीव गेले आहेत. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर ते हृदय आहे असेच धरा.

मग काय करायचे?

१. लगेच १०८ ला फोन करा. ही सेवा मोफत आहे.

२. रुग्णाला बसवा किंवा टेकवा. चालवू नका, जिना चढवू नका, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

३. अॅस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर १०८ च्या डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची गोळी आधी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच द्यायची.

४. जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढून घ्या. वाईहून सातारा तासाभरावर आहे आणि पुणे दोन-अडीच तासांवर. 'मोठ्या दवाखान्यातच जाऊ' म्हणून ईसीजीशिवाय प्रवास करण्यात मोलाचा वेळ जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिले तर जास्त काम करते. ते मिळाल्यावर पुढे अँजिओग्राफीसाठी नेता येते.

अँजिओप्लास्टी आणि बायपास

अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून किंवा मांडीतून नळी घालून काढलेला हृदयाच्या वाहिन्यांचा फोटो. ती तपासणी आहे, उपचार नव्हे. अँजिओप्लास्टीत फुग्याने रस्ता मोकळा करून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवतात. अडथळे जास्त किंवा अवघड जागी असतील, तर बायपास करतात. पायातली शीर आणि छातीच्या आतली धमनी वापरून अडथळ्याला वळसा देणारा नवा रस्ता तयार करतात. त्यासाठी छातीचे मधले हाड कापून नंतर तारेने जोडतात. हे शास्त्र आपल्या राज्याला नवे नाही. १९६८ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते.

पैशाच्या धास्तीने ऑपरेशन टाळू नका आणि लगेच दागिनेही विकू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेचे ऑपरेशन बसते. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्याबरोबर 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरी एकाच पिशवीत ठेवा. चौकशीसाठी १५५३८८ हा मोफत क्रमांक आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तो आपला हक्क आहे, उपकार नाही.

बायपासनंतर घरी : खरी परीक्षा

रुग्णालयातून साधारण आठवड्याभरात घरी सोडतात. तिथून पुढचे तीन महिने जपायचे.

हाड. छातीचे हाड पक्के व्हायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर जड काही उचलायचे नाही. भरलेली कळशी दहा-पंधरा किलोंची असते, गॅसची भरलेली टाकी तीस किलोंच्या आसपास. दोन्ही वर्ज्य. आपल्या घरांत बाईचे ऑपरेशन झाले तरी पंधरा दिवसांत तिच्या डोक्यावर हंडा येतो. घरच्यांनी हे थांबवलेच पाहिजे. लहान नातवालाही उचलून घेऊ नये, बसल्या जागी मांडीवर घ्यावे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. जमिनीवर झोपण्यापेक्षा खाट बरी. उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठावे. हाताच्या जोराने ओढून उठू नये.

जखम. रोज साबण-पाण्याने हलके धुऊन कोरडी करावी. वाई हळदीचे गाव आहे, पण या जखमेवर हळद, तेल किंवा पावडर लावू नये. शीर काढलेल्या पायाला सूज येते, बसताना तो पाय उंच ठेवावा.

श्वास. रुग्णालयात दिलेले तीन गोळ्यांचे यंत्र घरी कपाटात ठेवायचे नसते. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दिवसातून अनेकदा ओढायचे.

चालणे. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. दर आठवड्याला थोडे वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत जावे. सपाट जागा निवडा. कृष्णेकाठचा रस्ता चालेल, पसरणी घाटाचा चढ नको. चालताना बोलता आले पाहिजे, बोलता येईना तर वेग जास्त आहे.

जेवण. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मटकी, पालेभाजी, ताक. अंड्याचा पांढरा भाग, कमी तेलातले ताजे मासे चालतात. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून भाजी-पाणी पोटात जाऊ द्या, पण डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर तेच पाळा.

कामावर. बैठे काम सहा ते आठ आठवड्यांनी, अंगमेहनतीचे तीन महिन्यांनंतर, दोन्ही डॉक्टरांना विचारून. मोटरसायकलही दोन-अडीच महिने नको.

मन. ऑपरेशननंतर माणूस उगाच रडतो, चिडतो, झोपत नाही. पाचांपैकी साधारण एकाला चांगलीच उदासी येते. याला नाटक म्हणू नका. दोन आठवड्यांत बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना सांगा. भेटायला येणाऱ्यांनी गर्दी करू नये, बोलावे ते धीराचे.

ताबडतोब दवाखाना कधी? ताप, जखमेतून पू, छातीत हाड 'कटकट' वाजणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढणे, आडवे झाल्यावर दम लागणे, छातीत पुन्हा तीच कळ.

गोळ्या बंद करू नका

'ऑपरेशन झाले, आता मी बरा,' ही सर्वांत महागात पडणारी समजूत. ऑपरेशनने रस्ता मोकळा होतो, थर साचवणारा आजार जात नाही. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. नव्या स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक जरी स्वतःच्या मनाने बंद केली, तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. दात काढायचा असेल तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. खर्च जड जात असेल तर गोळी अर्धी करू नका. जनऔषधी केंद्रात तीच औषधे पुष्कळ स्वस्तात मिळतात. लोखंडी झडप बसवलेल्यांनी रक्ताची आयएनआर तपासणी कधीही चुकवू नये.

विहारात चर्चेसाठी

येत्या रविवारी वंदनेनंतर हा धडा वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या घरात तिशीच्या पुढचे किती जण आहेत? त्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आणि साखर या वर्षात तपासली गेली?

२. घरात मशेरी, तंबाखू कोण वापरते? सोडायला कोण मदत करील?

३. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कुणाला फोन करायचा, आणि कागदपत्रांची पिशवी कुठे आहे?

४. आपल्या वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले आहे? त्यांचे पाणी भरणे, बाजार, दवाखान्याची खेप कोण वाटून घेईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नावांसह लिहून विहाराच्या फळ्यावर लावावे. डॉक्टर टाके घालून घरी पाठवतात. त्यानंतरचे तीन महिने रुग्ण आपल्या हवाली असतो.