चेन बदलावी की थांबावं?

डोंबिवलीच्या एका वाचकाची २०१२ची स्विफ्ट डिझेल १,८०,००० किलोमीटर धावली आहे. मेकॅनिक म्हणतो, टायमिंग चेन बदला. गाडीची तर काहीच तक्रार नाही. मग खर्च करावा का?

नुसत्या आकड्यावरून नको. या १.३ लिटर डीडीआयएस, म्हणजे मूळ फियाटच्या मल्टिजेट इंजिनात रबरी बेल्ट नाही, धातूची चेन आहे. बेल्टसारखी तिची मुदत ठरलेली नसते. पण ती झिजून लांबते, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. शिळफाट्यावर किंवा घोडबंदर रोडला अडकलेल्या गाडीचा मीटर हलत नाही, इंजिन मात्र फिरतच असतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरची वाट न पाहता बदललेलं बरं.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड होते? स्कॅनर पी००१६ दाखवतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय? आधी सेन्सर आणि वायरिंग तपासून घ्यावं. दोष तिथे नसेल तर टाळाटाळ नको. चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग हेडच उतरवावं लागतं.

बदलायचीच तर टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट असा पूर्ण संच घालावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात. आणि हो, गाडी पंधरा वर्षांची होत आली आहे. कल्याण आरटीओतल्या फेरनोंदणीचा खर्चही याच हिशेबात धरावा.