अमेरिकेचं घड्याळ, घणसोलीची झोप

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात आणि त्या आठवड्यात घणसोली गावातल्या माझ्या दवाखान्यात अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी रात्रपाळीची मुलंमुली जास्त दिसू लागतात. कुणाचं डोकं जड, कुणाला अॅसिडिटी, कुणाला झोपच लागत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, मार्चनंतर साडेसहा. आपल्या भिंतीवरचं घड्याळ जागचं हलत नाही, पण कंपनीची गाडी तासभर आधी येऊन हॉर्न देते.

घड्याळ पुढे-मागे करण्याचा हा खटाटोप आपणही करावा का? माझं मत स्पष्ट आहे : नको. लंडनचा उन्हाळी दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळी दिवस आठ तासांहून लहान, त्यामुळे तिथे उजेड वाचवण्याची कल्पना निघाली हे समजू शकतं. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकराचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारतातही घड्याळं तासभर पुढे होती. युद्ध संपलं तशी ती मागे आली. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२० मध्ये घड्याळ बदलणं बंद करून वर्षभर मूळ प्रमाणवेळच ठेवावी, असं सुचवलं. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००८ साली दिसून आलं होतं की वसंतात घड्याळ पुढे केल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं.

तास एकच, मग एवढा त्रास का? माणसाच्या शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. म्हणून मार्चचा बदल नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे येतं त्यापेक्षा जास्त बाधतो. त्यात गावात तेव्हा लग्नसराई. रात्रभर हळदीचा बँजो, सकाळी पाण्याची मोटर, भंगारवाल्याची हाक. रात्रभर जागून आलेल्या माणसाने झोपायचं कधी?

म्हणून तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत झोप आणि जेवण रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी नको. खोलीला जाड, गडद पडदा लावा, आणि घरमालकिणीला सांगा की मी दुपारी एकपर्यंत झोपलेलो असतो. आपल्या आगरी-कोळी घरांतल्या काकू सांगितलं की ऐकतात, हा माझा अनुभव आहे. त्या आठवड्यात पहाटे स्वतः बाईक चालवत ठाणे-बेलापूर रस्त्याने येऊ नका. डुलकी दोन सेकंदांची असते, पण तेवढ्यात गाडी डंपरखाली जाते. कंपनीची गाडी नसेल तर लोकल पकडा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे येतं, तेव्हा दुखणं वेगळं. कॅलिफोर्नियासाठी काम करणाऱ्यांची पाळी साडेसहाऐवजी साडेसात वाजता सुटते, तोवर ऊन चांगलंच वर आलेलं असतं. ते डोळ्यांत शिरलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, मग अंथरुणावर नुसती तळमळ. येताना गॉगल लावा, टपरीवर रेंगाळू नका.

मधुमेह असलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाबरोबर सरकतं. जेवण लांबणार असेल तर आधीच टोचून घेऊन बसू नका. दिवसातून एकदा घ्यायचं, दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन मात्र ठरल्या वेळीच घ्यायचं. ती वेळ पाळीत अडचणीची असेल तर मनाने बदलू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळ्या मित्राकडून मागून घेऊ नका.

आठवडा-दहा दिवसांत बहुतेकांची घडी बसते. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, मोठ्याने घोरणं असेल, बीपी चढलेलं असेल तर पाळीला जाण्याआधी दवाखान्यात या. छातीत दुखून घाम फुटला तर मात्र पाळी संपायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.